‘वेलीइटी’वर पंधरा मिनिटं

१४ ऑगस्ट १९९४, रविवार
ठरलं. मंडळाच्या गणपतीत यंदाचं व्याख्यान माझं. सेक्रेटरी गुंडोपंत स्वतः मल्लेश्वरमला घरी येऊन सांगून गेले. गेल्या वर्षी मधुमेहावर झालं होतं. लोकांच्या हातात मोदक असताना! शी. यंदा जरा अभिरुची लावू. विषय: लॅटिनमधून आलेला एक दुर्मिळ इंग्रजी शब्द, वेलीइटी. अख्ख्या बंगलोरात तो माहीत असलेला मराठी माणूस मी एकटा. छाप पडली की पुढच्या वर्षी अध्यक्ष मीच. गुंडोपंतांनी तशी मान हलवली.

१५ ऑगस्ट
सकाळी: सुट्टी. आजच्या आज भाषण लिहून टाकणार.
संध्याकाळी: समोरच्या रघुपतींचा रेडिओ दिवसभर चालू. अशा गोंगाटात लॅटिन सुचतं का कुणाला? उद्यापासून पहाटे उठणार.

२० ऑगस्ट
पहाटे उठवायला प्रमोदिनीला सांगितलं होतं. उठवलं म्हणते. तुम्हीच कूस बदललीत म्हणते. बायकोवर विसंबलं की हे असं होतं.

२३ ऑगस्ट, कँटीन
साहेबांना शब्द समजावून दिला. मनात इच्छा आहे, पण बूड हलवण्याइतकी नाही, तिला वेलीइटी म्हणतात. हा आळस नव्हे. आळशाला मुळात इच्छाच नसते. ‘डिझायर’ लिहिलं की माणूस निघालेला दिसतो, ‘वेलीइटी’ लिहिलं की खुर्चीतच बसलेला दिसतो. इतकं सूक्ष्म सांगितलं तर साहेब कानडीत सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाले आणि आणखी सांबार मागितलं. किळस आली. आमचा सगळा डिझाइन सेक्शन या रोगाने भरलाय आणि रोगाचं नाव ऐकून घ्यायलाही कुणाला सवड नाही.

३० ऑगस्ट
घरात रेघांचेच कागद. रेघांवर विद्वत्ता उतरत नाही. राजाजीनगरहून बाँड पेपर आणायचा होता, पण पाऊस.
पोळ्या लाटता लाटता प्रमोदिनीने शब्दाचा अर्थ विचारला. सांगितला. लाटणं थांबवून म्हणाली, अगबाई, याला शब्द आहे होय! बरं वाटलं. माझ्या सहवासाचा थोडा तरी परिणाम आहे.

६ सप्टेंबर
प्रमोदिनी बाँड पेपर घेऊन आली. पण इतक्या भारी कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही. आधी डोक्यात पक्कं करतो. तसंही कागद कारकुनांना लागतात, वक्त्यांना नाही.

९ सप्टेंबर, चतुर्थी
मोदक अंमळ जास्त झाले. झोप. भाषण तयारच आहे म्हणायचं, फक्त लिहायचं राहिलंय.

११ सप्टेंबर, रविवार
वीट आला. माणसांचा, मंडळाचा, मोदकांचा.
व्याख्यानाला पंधरा मिनिटं दिली होती. पाच मिनिटांत जेवढं येत होतं तेवढं संपलं. मग पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. मंडळाची एक भिकार रीत आहे, श्रोत्यांतून एक तरी प्रश्न आल्याशिवाय खिरापत वाटत नाहीत. सगळे खिरापतीच्या ताटाकडे बघत बसलेले. शेवटी गुंडोपंतांच्या आई तानूबाई म्हणाल्या, अण्णा, स्वल्प उदाहरण द्या की.
एक सुचेल तर शपथ! इंग्रजीतलंही नाही, मराठीतलंही नाही.
तर प्रमोदिनी उठली. बायकांच्या रांगेतून, सगळ्यांदेखत. म्हणाली, मी देते. आमचे हे लग्न झाल्यापासून म्हणतात, तुझं राहिलेलं बी.ए. पुरं करू. खोटं नाही हो बोलत. म्हणतात तेव्हा अगदी मनापासून म्हणतात. फक्त ते तिथेच संपतं.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तानूबाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. गुंडोपंतांनी पुढच्या वर्षीचं व्याख्यान तिथल्या तिथे तिला देऊन टाकलं. शब्द माझा, टाळ्या तिला. छ्या!
ऑटोत तिला म्हटलं, हे घरी सांगता आलं नसतं का?
दर जूनला सांगत होते, म्हणाली. यंदा नाही सांगितलं. पोस्टाने शिकवतात तिथे परस्पर नाव घातलं.
म्हटलं, मग पुस्तकं तरी मी आणून देतो.
मीच आणली, म्हणाली. महिना झाला. टेबलावरच आहेत.
माझ्या लिहायच्या टेबलावर.