शिफ्ट संपवून निघताना

लीड्स, इंग्लंड

आई,

जय भीम. मी बरी हाय. जेवण वेळेवर होतंय, तुझी चटणी अजून पुरतीय. गुडघा कसा हाय? विड्या वळताना भुईवर बसू नको, पाट घे.

फोनवर तू विचारलंस, सारखं शिफ्ट शिफ्ट काय म्हणतीस. अगं, कामाची पाळी म्हणजे शिफ्ट. पेशंटला दुसरीकडं हलवलं तरी शिफ्ट. पलंगावर जरा वर सरकवलं तरी शिफ्टच.

माझ्या वॉर्डात एक गोरे आजोबा होते. त्यांच्याकडं कुणी येत न्हवतं. परवा निघताना मी सवयीनं त्यांना इंग्रजीत "येते" म्हटलं. आपल्यात निघताना "जाते" म्हणत न्हाईत, एवढंच माझ्या डोक्यात.

सकाळी पलंग रिकामा. रातपाळीची सिस्टर म्हणाली, "शिफ्ट केलं." कुठं, ते तिच्या तोंडावरनं कळलं. म्हणाली, "ती येणार हाय म्हणत शेवटपर्यंत दाराकडं बघत बसलेले. आडवंच होईनात."

आता मी निघताना नुसता हात हलवते. तरी पाठीमागं कुणीतरी उठून बसलंय, असं वाटत राहतं. त्या पलंगावरचा नवा पेशंटसुद्धा दाराकडंच तोंड करून झोपतो.

धाकटी पारमिता सांगत होती, निपाणीत पुण्याची गाडी यायच्या वेळेला तू रोज दारात जाऊन बसतीस. घरातनं निघताना मी तुला काय म्हटलं होतं, ते आठवतंय मला.

रजेचं अजून काय कळलं न्हाय. आई, तू आत बसत जा गं.

तुझी लेक,
उपासना