मागच्याकडचे सेल

३ फेब्रुवारी
पोहोचले एकदाची इंदूरला! स्नेहलतागंजात खोली छान मिळाली आहे. घरमालकीण यशोधराकाकू इथल्या जुन्या मराठी घरातल्या. निम्मं वाक्य मराठीत, निम्मं हिंदीत. माझं कोल्हापुरी ऐकून त्यांना हसू येतं आणि त्यांचं ऐकून मला. आल्या आल्या पोहे, वर शेव, आणि शेजारी जिलबी! इथे माझं वजन वाढणार हे नक्की.

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस. पोलोग्राउंड या औद्योगिक भागातला पंपांचा कारखाना, जुनी शेड. शेडखालच्या बोगद्यातल्या केबली तपासून त्यांना खुणेच्या पट्ट्या बांधायच्या आहेत. खाली वीज तोडलेली आणि मोबाईल गेटवर जमा, म्हणून हेल्मेटला टॉर्च. माझे जोडीदार देवेंद्रजी, सुपरवायझर, सारखे काहीतरी गुणगुणत असतात. बोगद्यात कायम जोडीनेच जायचं. पुढचा सरपटतो, त्याच्या खिशातलं पडून जातं. म्हणून दोघांचे जास्तीचे सेल मागच्याकडे. मागची मी.

सेल न्यायला इथे सगळे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वापरतात. आत सेल कोंबायचे, टोकं रबराने बांधायची. देवेंद्रजी म्हणाले, “एकदम पक्कं काम, ताई, आणि फ्री का फ्री!” मी शहाणी, काकूंकडून प्लास्टिकची साबणदाणी मागून आणली. सेल सुटे ठेवून किल्ल्यांना लागले तर तापतात, एवढं मलाही कळतं. संपलेले उलटे ठेवायचे म्हणजे घोटाळा होत नाही, ही त्यांची युक्ती मात्र उचलली.

६ फेब्रुवारी
काम भराभर चाललंय. आज एक गंमत झाली. देवेंद्रजी गुणगुणायचे थांबले तरी पुढून गुणगुणणं चालूच राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, बोगदा आहे, आवाज फिरतो. मग जरा वेळाने त्यांनीच आज लवकर वर जाऊ म्हटलं.

९ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. पण कुठेतरी लिहायलाच हवं.

सकाळी खाली होतो. देवेंद्रजींचा टॉर्च विझला. त्यांनी मागे हात करून सेल मागितले. माझाही टॉर्च मंदावला होता. संपलेले मी आदल्या दिवशीच काढून टाकले होते; साबणदाणीच्या डबीत दोनच उरले होते, चांगले, एका टॉर्चपुरते. त्यांच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी गुणगुणत होतं.

मी म्हटलं, संपले.

आणि वळून पळाले. ते हाका मारत होते. वर आल्यावर मी बोगद्याच्या तोंडाचं झाकण लावलं. का लावलं? कुणाला सांगितलंही नाही. डबा उघडून जेवायला बसले. शी.

जेवण संपता संपता देवेंद्रजी वर आले. शर्टला धूळसुद्धा नाही. मला बघून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
त्यांनी आज टॉर्च घेतलाच नाही. आता गरज पडत नाही म्हणतात. दुपारी एकटेच खाली गेले आणि आले. गुणगुणतात, पण सूर त्यांचा नाही. बोगद्यातला आहे.

११ फेब्रुवारी
शेडच्या कोपऱ्यात बोगद्याची हवेची जाळी आहे. तिच्याजवळून जाताना खालून आवाज आला. देवेंद्रजींचा. ताई, सेल आहेत का, असं विचारत होते.

मी वळून पाहिलं. देवेंद्रजी माझ्यामागे, शेडच्या दारात, चहा पीत उभे होते.

१२ फेब्रुवारी
खालचा आवाज बसत चाललाय. तेच विचारतो. शिव्या देत नाही, मदत मागत नाही, फक्त सेल —

मॅनेजर सुशांतसरांकडे गेले. सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की मी खोटं बोलले, माणसाला टाकून पळाले. तोंड उघडलं आणि सुट्टीचं काहीतरी विचारून आले. माणूस खाली मरतोय आणि मला माझ्या अब्रूची पडलीय. लाज वाटते. आरशात बघवत नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळ
सांगितलं. सगळं. सुशांतसर हसले. म्हणाले, देवेंद्र तर हा काय समोर बसलाय, ताई, घरी जा, आराम करा.

तो समोरच बसला होता. हसत होता.

डबी गच्च भरली आहे. जाते.

१३, खाली
सापडले. जिवंत आहेत. हात बर्फासारखा गार. त्यांना उभं राहवत नाही. टॉर्चमध्ये सेल घालून दिले. त्याच उजेडात लिहितेय, ते जरा दम खातायत. कुणाला तरी कळायला हवं —

मी म्हटलं, त्या दिवशी होते माझ्याजवळ.

म्हणाले, माहीत आहे. पळताना खिशात वाजत होते.

तरी हाका मारत राहिले, कारण मी चांगली पोरगी आहे असं त्यांना —

वर झाकण लागलं. आतून.

पायऱ्यांवर कुणीतरी. उजेड नाही. देवेंद्रजी म्हणतात, तू मागच्या बाजूने निघ, त्याला मी पाहतो. नाही. मी नाही जाणार. त्यांचा हात धरलाय. गुणगुणणं अगदी जवळ आलं, आणि आता ते माझ्या आवाजात —