पडद्यामागचा हात

घणसोली, १२ जून १९९४

ती. आईस,

लेकीचा नमस्कार. मी इथं मजेत आहे, हेही बरे आहेत. तांबडी व्याली का? दादांच्या गुडघ्याला तेल चोळतेस ना?

आज स्टुडिओत एका संस्थानातल्या राणीसाहेबांचा लग्नातला फोटो मोठा करायला आलाय, शंभर वर्षांपूर्वीचा. शालू, मुंडावळ्या, गळाभर दागिने आणि मुलगी जेमतेम बारा वर्षांची. केमिकलमध्ये मोठी प्रिंट उमटली, तेव्हा मागच्या पडद्यातून आलेला एक हात दिसला. बांगड्यांनी भरलेला. पोरीचा दंड इतका घट्ट धरलाय, की शालूला चुण्या पडल्यात.

मालक म्हणाले, "तेव्हा फोटोला बराच वेळ हलायचं नसे. आईच धरून बसली असेल मागून. ब्रश मारून तो हात घालवून टाक."

मला घालववेना.

आई, माझ्या लग्नाच्या फोटोत तुझाही हात माझ्या दंडावर आहे. आजवर मला ती माया वाटायची. सोडलं तर मी मांडवातून उठून जाईन, अशी भीती होती का गं तुला?

दादांना नमस्कार सांग. उत्तर घरी नको, स्टुडिओच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
नंदा