शंभराची एकच नोट

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नात, संस्कृती, परीक्षेसाठी मोठ्याने वाचत होती — देशाचं सकल उत्पादन वाढलं की देश पुढे गेला! मी विचारलं, आणि घरचा स्वयंपाक, झाडलोट? "ते नाही धरत, आबा. पैसे दिले तरच धरतात."

चुलीजवळून कस्तुरा म्हणाली, "मंग मी लग्नाची शेहेचाळीस वर्सं काय करून राह्यली?"

मी सहज बोलून गेलो — "तू तर घरीच असते."

परात तेवढी वाजली.

बुधवार, ४

शेजारची अमीनाबी आली. दोघी खुसुखुसु हसत होत्या. ठरलं म्हणे — उद्यापासून कस्तुरा तिच्या घरी रांधणार, ती आमच्याकडे. रोज शंभर रुपये! "आता धरा म्हना आमाले!" — कस्तुरा.

"हा काय पोरखेळ?"

"कायले चिडता, गुरुजी? देश पुढं चालला!" — अमीनाबी.

गुरुवार, ५

अमीनाबीची वांग्याची भाजी फार तिखट. तिला सकाळी शंभराची नोट दिली. संध्याकाळी तीच नोट तिच्या नवऱ्याने, इब्राहीमने, कस्तुराच्या हातावर ठेवली — फाटका कोपरा, ओळखली! कस्तुराने ती परत माझ्याच खिशात घातली. देश दोनशेने वाढला. ताटं तेवढीच.

शनिवार, ७

थकवा. जुनं पाठ्यपुस्तक उघडलं. त्यातली आईवरची कविता चालीवर शिकवताना माझा गळा दाटायचा, पोरं मुसमुसायची. काय दिवस! शाळा सुटली की घरी येऊन तोच गळा ओरडायचा — "चहा!"

संध्याकाळी इब्राहीम भेटला. "गुरुजी, रांधता रांधता भाभीले दम लागते. भिंतीले टेकून बसतात. तुमाले मालूम आहे ना?"

हो म्हटलं. मालूम नव्हतं.

रविवार, ८

पगारी माणसाला सुट्टी असते म्हणे. दोघींनी घेतली. आठ वाजले, चूल थंड, कस्तुरा अंथरुणातच. तिला झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती — माझ्यानंतर निजायची, माझ्याआधी उठायची. ओळखूच येईना. नाकापाशी बोटं धरली.

श्वास होता.