चि. जोईस

४ मार्च
वीणाचा व्हिडिओ कॉल, मेलबर्नहून. रस्त्यावर मेलेल्या कांगारूच्या पिशवीत पिल्लू जिवंत सापडलं. महिनोन्‌महिने हिच्याकडेच राहणार. रीतसर परवाना काढलाय. त्याला तिकडे जोई म्हणतात.
आई : "मुलगा की मुलगी?"
"दोघांनाही जोईच. कोआलाच्या, वाँबॅटच्या पिल्लालाही जोईच."
"बरंय, नावावरून भांडण नको."
आई उठून गेल्यावर वीणा हळूच म्हणाली, "ताई, आम्ही उपचार थांबवले. मूल नाही आता. आईला तू सांग, मला जमणार नाही."
बारा वर्षं झाली तिच्या लग्नाला.

६ मार्च
सांगितलं नाही.
शब्दकोश काढून बसले. 'कांगारूचे पिल्लू', एवढंच. आपल्याकडे करडू, रेडकू, शिंगरू, कोकरू. ज्यांना कुणीतरी गोठ्यात हाताने पाजलं, त्यांनाच वेगळे शब्द मिळाले असावेत. कांगारू कुणी पाळलाय इथे.

९ मार्च
वीणाचा निरोप : जोईला आत राहायला पिशव्या हव्यात, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाच्या. शिवण बाहेरून, आत नखं अडकतात.
"झबल्याची शिवणही बाहेरूनच असते," आई म्हणाली. "मला नको शिकवू."
ट्रंक उघडली. वरच आजीची नऊवारी, वीणाच्या बाळंतविड्यासाठी राखलेली. आईने तिच्यावर हात फिरवला, ट्रंक लावली. माझ्या दोन जुन्या साड्या घेतल्या.
तेव्हाच सांगायला हवं होतं.

१३ मार्च
आईने वीणाला विचारलं, "कुठवर म्हणायचं त्याला जोई?"
"बाहेर उड्या मारायला लागलं तरी जोईच. भूक लागली, भ्यालं, की पिशवीत डोकं खुपसतं. ते सुटेपर्यंत."
"आणि सुटलं की?"
"मग जंगलात सोडायचं."


१४ मार्च
सांगितलं. दुपारी ओले काजू सोलत होतो. एका वाक्यात सांगून टाकलं.
"बरं," म्हणाली. पाच-सहा काजू सोलून झाल्यावर, "दोघांनी मिळून ठरवलंय ना?"
"हो."
"मग झालं."
बोटांचा चीक घासत मोरीत बराच वेळ उभी होती.

१६ मार्च
दोन दिवस शिलाई मशीन बंद. माझ्या साड्या कापून तशाच पडल्यात.

१८ मार्च
बाजारातून आले तर मशीनचा आवाज. आजीची नऊवारी कापलेली. चार पिशव्या तयार, पाचवी खूपच मोठी.
"ही एवढी कशाला?"
"वाढेल ना गो ते."
पुडकं बांधलं. वर आईच्या अक्षरात : चि. जोईस.
उद्या कुरिअरला द्यायचं.
नऊवारी अर्धीच कापलीय. उरलेली घडी करून तिने पुन्हा ट्रंकेत ठेवली, होती तिथेच, सगळ्यात वर.