पुढच्या दातावरचा ठिपका

५ नोव्हेंबर २०२४
तीळ नाही तो. दिवाळीच्या चकलीतला असेल म्हणून आधी नखानं काढत बसलो, मग काडीनं, मग बायकोच्या साडीपिननं — रेश्मा ओरडली तेव्हा थांबलो. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी डाव्याच्या कडेला काळपट ठिपका आहे. मोहरीपेक्षा लहान. दुखत नाही, गार पाणी लागत नाही.

आरशासमोर ओठांची ठेवण बघत होतो म्हणून दिसला. आणि आरशासमोर कशाला, तर — बँडमालक लालासाहेबांनी यंदा मला मुख्य क्लॅरिनेट दिलंय! सतरा वर्षं मागं उभा राहून साथ केली. आता २६ तारखेला, पहिल्या लग्नाच्या परण्याला, मांडवाकडं जायच्या मिरवणुकीत, नवरदेवाच्या घोड्यापुढं मी. कारखान्यात लेथवर उभा असलो तरी डाव्या हाताची बोटं आपोआप चालतात. सुपरवायझर विचारत होता, मुंग्या आल्या का म्हणून.

८ नोव्हेंबर
रेश्मानं ओढूनच नेलं. इथं सांगलीतच डॉ. प्राची आहेत, तिची दाढ त्यांनीच केलेली. आरसा घालून बघितलं, हवेचा फवारा मारला. म्हणाल्या, कीड आहे. लहानच आहे.

मी म्हटलं, लहान आहे तर राहू दे की. दुखत कुठंय?

त्या म्हणाल्या, दुखत नाही तेवढ्यातच करायचं असतं. नुसता पांढरा डाग असता तर औषध लावून वाट बघितली असती. पण इथं खड्डा पडलाय, आणि तो कितीही घासलं तरी आपोआप भरून येत नाही.

सहा महिन्यांत काय होईल, विचारलं. वाटलं होतं, घाबरवतील. पण त्यांनी सरळ सांगितलं, कदाचित काहीच नाही, कदाचित शिरेपर्यंत जाईल. सांगता येत नाही. आत्ता वीस मिनिटांचं काम आहे, बहुतेक भूलही लागणार नाही.

ड्रिलची भीती मला नाही. दिवसभर लोखंडाला भोकंच पाडतो. भीती वेगळीच आहे, ती त्यांना नीट सांगता आली नाही. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर हेच दोन दात टेकतात. सूर लाकडातून दातात येतो, दातातून डोक्यात. कारखान्यात जॉब, म्हणजे घडवायचा भाग, केसभर जास्त झाला तर तो बसत नाही. इथं दाताची कडाच बदलली तर? सूर तोच राहील का?

उद्या सांगतो म्हणून आलो.

९ नोव्हेंबर
सांगितलं नाही. रेश्मा दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत होती, माझ्याकडं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
सातारा. सकाळच्या एसटीनं क्लॅरिनेट घेऊन गेलो आणि आत्ता परत आलो. सगळं लिहून ठेवायलाच पाहिजे.

आप्पासोंकडं गेलो होतो. माझे वस्ताद. मी विशीत साताऱ्याला नोकरीला होतो तेव्हा संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून शिकलो. लष्करी बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. अंगात ताप असताना दिल्लीत परेडला वाजवलेला! आता सत्तरीला टेकलेत. चौदा वर्षांपूर्वी वाजवणं सोडलं. दम पुरत नाही, असं तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं.

खरं सांगायचं तर मी होकार घ्यायलाच गेलो होतो. ते म्हणतील, आधी लग्नसराई वाजव, दात कुठं पळून जातोय? की मग मी निवांत.

ठिपक्याचं सगळं सांगितलं. त्यांनी सुनेला चहा ठेवायला आत पाठवलं. मग भिंतीकडं तोंड करून वरची कवळी काढली आणि माझ्याकडं वळले. ओठ आत गेलेला. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. कुठं बघावं कळेना.

कवळी परत बसवून म्हणाले, "दम अजून हाय रं माझ्यात. दात न्हाईत. येवढंच भोक हुतं. म्हटलं परेड हुंदे, मग पोरीचं लगीन हुंदे. एक पिकला, काढला. मग शेजारचे गेले. आनि ही कवळी काय, फुंकर मारली की सुटती."

"आवं, मग सांगितलं का न्हाई कुणाला?"

"लाज वाटली. दम गेला म्हटलं की लोक हळहळतात. दात गेला म्हटलं की हसतात."

चहा आला. मग त्यांनाच हसू फुटलं आणि मलाही. जेवल्याशिवाय सोडलं नाही. एसटीच्या वेळेपर्यंत माझं वाजवणं ऐकलं, तोंडानं गुणगुणून तीन जागा सुधारून दिल्या. त्यातली एक तर मी सतरा वर्षं चुकीची वाजवतोय!

कराड यायच्या आत ठरलं होतं. वाट बघायची नाही.

१२ नोव्हेंबर
लालासाहेबांना सांगितलं. चिडले. अठरा लग्नांच्या सुपाऱ्या घेतल्यात, मे महिन्यात काय ते कर म्हणाले. मी ऐकत नाही बघून म्हणाले, आवाज बिघडला तर पुढं दुसरा उभा करीन, राग मानू नको.

नाही मानणार म्हटलं. मानला असता.

१६ नोव्हेंबर
झालं! आणि काय झालं!

कालच फोन करून विचारलं होतं, क्लॅरिनेट घेऊन येऊ का. डॉक्टरांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, आणा, मलाही बघू दे.

खुर्चीत मागं रेलून पडलो. काम आमच्यासारखंच निघालं — ड्रिल चालू, त्यावर पाण्याची धार चालू. फक्त आमच्याकडं जॉबला घाम येत नाही. भूल लागलीच नाही. कीड निघाली, दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं, निळ्या दिव्यानं पक्कं केलं. मग दातांत निळा कागद धरायला सांगितला, कुठं उंच लागतंय त्याची खूण उठते म्हणून. मी आडवाच हसलो. आम्हीसुद्धा दोन भाग एकमेकांवर बसतात का ते निळा रंग लावूनच बघतो!

मग उठून बसलो आणि क्लॅरिनेट जोडलं. पहिला सूर फाटका. डॉक्टरांनी माउथपीस दातांत कसं बसतं ते नीट बघितलं, कड किंचित घासली. दुसरा सूर बरा, पण डावीकडं खरखर. परत घासलं. तिसऱ्याला त्यांनाच पटलं नाही, मान हलवली. आता त्या दाताकडं बघतच नव्हत्या, कान देऊन ऐकत होत्या.

चौथा सूर डोक्यात घुमला. तोच! माझा!

मग थांबवेना. डोळे उघडले तर दारात बाहेरचे सगळे पेशंट उभे. गालाला रुमाल बांधलेल्या एक आजी म्हणाल्या, "आनि एक वाजीव की."

आणि एक वाजवलं.

२६ नोव्हेंबर
वाजलं. घोड्यापुढं दोन तास. पाय दुखतायत, ओठ सुजलाय, दात मजेत. लालासाहेबांनी शेवटी स्वतःचा फेटा माझ्या डोक्यावर ठेवला. रेश्मानं मोबाईलवर सगळं टिपलंय. चार वेळा बघितलं. आता पाचव्यांदा.

२७ नोव्हेंबर
आप्पासोंना फोन केला. कुठला सूर कसा लागला, सगळं त्यांनी खोदून विचारलं. मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाई माझ्यासारख्याचं काय करतील का रं?"

२ फेब्रुवारी २०२५
वस्ताद सांगलीत, आमच्याकडं मुक्काम. डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याच्या हाडात स्क्रू बसवले. सुजलेल्या तोंडानं रेश्माच्या हातची पातळ खीर तीन वाट्या खाल्ली. त्यांवर पक्के दात बसायला पाच-सहा महिने लागतील. म्हणाले, चौदा वर्सं थांबलोय, त्यात हे काय.

१३ जुलै
वस्तादांना दात आले! फोनवर पहिला सूर ऐकवला. बदकासारखा. दोघंही इतके हसलो की त्यांना पुढं वाजवता येईना. रोज दोन तास बसणार म्हणतात.

२३ नोव्हेंबर २०२५
हंगामातला पहिला परण्या. घोड्यापुढं आज आप्पासो होते. मीच लालासाहेबांना विचारलं होतं. मागं उभा राहून साथ केली.