मुकादमाची नक्कल

घरच्या मालकिणीला नमस्कार,

मी बरा आहे. फोनवर माझं बोलणं तुला कळेना, म्हणून डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नकोस.

जेवणाच्या सुट्टीत माझं तोंड एकाएकी वाकडं झालं, जीभ जड पडली, हातातला डबा सुटला. तोंडवाकड्या मुकादमाची नक्कल मी नेहमीच करतो, त्यामुळे सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. "वा रे बहाद्दर, पुन्हा कर!" स्कॅनमध्ये मेंदूतली गुठळी दिसली, तोवर ती विरघळवण्याची वेळ टळली होती.

आता तेच दोस्त रोज तेल चोळतात. मालिशने हात परत येतो याला पुरावा नाही, व्यायाम करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोस्तांना मी ते सांगितलेलं नाही.

चिमणी काय म्हणते? त्या दिवशी फोनवर खिदळत म्हणाली, "बाबा, मुकादम पुरे, आता तुझ्या आवाजात बोल." तिला काय सांगायचं, ते तूच ठरव.

तुझाच